एकच जोड

माझ्या नातवाने माझ्यावर चोरीचा आळ घेतला, ही गोष्ट गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली. चोरी पैशाअडक्याची नव्हे; गोष्टीची.

त्याचे असे झाले. आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला पूर्वी पाण्याचे टँकर उभे राहत. तिथे आता सिमेंटचे मैदान करून दोन टोकांना दोन लोखंडी कडी बसवली आहेत. संध्याकाळी सहा ते आठ आमचा नातू तिथे चेंडू आपटत असतो. ढप्, ढप्, ढप्. सौ. म्हणते, एवढा वेळ हाच मुलगा वरवंटा घेऊन बसला असता तर वर्षाची तिखटे कुटून झाली असती. वय वर्षे चौदा, उंची माझ्यापेक्षा चार बोटे जास्त, आणि अभ्यासात... पण ते असो. आजोबांनी त्या वाटेला जाऊ नये असा सूनबाईंचा दंडक आहे.

तर सुट्टी लागल्यावर हे चिरंजीव माझ्याकडे आले आणि बुटांची मागणी केली. किंमत विचारली. नऊ हजार रुपये! मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा विचारले. नऊ हजारच. माझ्या वडिलांनी जन्मभरात स्वतःसाठी, आईसाठी आणि आम्हा दोघा भावांसाठी घेतलेल्या सगळ्या वहाणा-चपलांची बेरीज केली, तरी तिला पाचशेचा आकडा गाठता आला नसता. तेव्हा अशा प्रसंगी आजोबा लोक जे करतात तेच मी केले. खुर्चीत सावरून बसलो आणि म्हणालो, "बाळ, ऐक. आम्ही दोघे भाऊ, आणि दोघांत मिळून बुटांचा एकच जोड..."

"आजोबा!" तो मध्येच ओरडला, "ही तर यानिसची गोष्ट आहे! तुम्ही कुठे वाचलीत?"

हा यानिस कोण, हे मला ठाऊक नव्हते. पण माझ्या लहानपणावर दुसऱ्याच कुणाचा तरी हक्क लागला आहे, एवढे कळले. मी रागावलो. नातू आत गेला, आपले ते पाटीएवढे यंत्र घेऊन आला आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "वाचा तुम्हीच." वाचू लागलो. पुढे आठ दिवस मी दुसरे काही केले नाही. पेन्शनर माणसाला आठ दिवस म्हणजे काही मोठा खर्च नव्हे.

या खेळाडूचे आडनाव मात्र पहिल्या दिवशी मला ओलांडता आले नाही. इंग्रजी अक्षरे जुळवून वाचायला गेलो तर आंटेटोकौन्म्पो की असेच काहीतरी! मग त्याची गंमत समजली. मूळ नाव आहे अडेटोकुनबो. नायजेरियातल्या योरुबा भाषेत त्याचा अर्थ समुद्रापलीकडून परत आलेला मुकुट. ग्रीक लिपीत 'ड' आणि 'ब' या उच्चारांना स्वतंत्र अक्षर नाही. 'न' आणि 'ट' एकत्र लिहून 'ड' काढायचा, 'म' आणि 'प' एकत्र लिहून 'ब' काढायचा, अशी त्यांची रीत. पुढे पारपत्रावर हीच ग्रीक अक्षरे एकेक करून रोमन लिपीत उतरवली गेली, आणि मुकुटाचा हा असा चुरा झाला. आपल्या शीवचे सायन झाले, त्यातलाच प्रकार.

यानिसचे आईवडील, चार्ल्स आणि व्हेरोनिका, १९९१ साली नायजेरियातले लागोस शहर सोडून ग्रीसमध्ये आले. थोरला मुलगा फ्रान्सिस आजीआजोबांजवळ मागे राहिला. नंतरचे चार मुलगे ग्रीसमध्येच जन्मले: थनासिस १९९२ सालचा, यानिस १९९४ सालचा, मग कोस्टास आणि शेंडेफळ ॲलेक्स. बिऱ्हाड अथेन्सच्या सेपोलिया नावाच्या वस्तीत. बाप कधीकाळी फुटबॉल खेळलेला, आई उंच उडी मारणारी. पण परदेशात कागदपत्रांवाचून राहणाऱ्याला कोण विचारतो? मिळेल ते काम करायचे, आणि पोलीस दिसला की छातीत धस्स व्हायचे. शाळा सुटली की मुले आईबरोबर रस्त्यावर उभी राहून गॉगल, घड्याळे, पिशव्या विकत. धंदा झाला तर रात्री जेवण, नाही तर नाही. भाडे थकले की घर बदलायचे.

आणखी एक गोष्ट वाचून मी थबकलो. हा मुलगा अथेन्समध्ये जन्मला, तिथल्या शाळेत शिकला, ग्रीक बोलत मोठा झाला. पण अठरा वर्षांचा होईपर्यंत तो ग्रीसचा नागरिक नव्हता. तिथला कायदा तेव्हा जन्मभूमी पाहत नसे, रक्त पाहत असे. नायजेरियाचेही कागद त्याच्याजवळ नव्हते. म्हणजे रेशनकार्डच काय, देशसुद्धा नाही.

स्पिरोस वेल्लिनियातिस नावाच्या एका प्रशिक्षकाने २००७ साली या भावांना सेपोलियात हुंदडताना पाहिले. त्याच्या डोळ्यांत भरले ते यानिसचे लांबलचक हातपाय. पण यानिसला हवा होता फुटबॉल! बास्केटबॉल त्याला आवडतच नसे. मोठा भाऊ थनासिस खेळू लागला, म्हणून हा त्याच्या मागे गेला. धाकटे भाऊ दुसरे काय करतात? आईवडिलांना काम मिळवून देईन असे सांगून प्रशिक्षकाने घरच्यांची समजूत घातली. कारण दोन मुले संध्याकाळी मैदानावर गेली म्हणजे दोन विक्रेते कमी झाले, हा हिशेब त्या घरात होताच. त्याने मुलांना फिलाथ्लितिकोस नावाच्या एका लहानशा क्लबात नेले. तो झोग्राफू या भागात, घरापासून बराच लांब. सराव संपायला उशीर झाला की हे भाऊ कित्येकदा तिथेच व्यायामशाळेत अंग टाकीत.

आणि इथेच तो बुटांचा जोड येतो. दोघा भावांत एकच. एक जण खेळून बाहेर आला की बूट काढी, दुसरा ते पायात चढवी आणि आत जाई. बूट गार व्हायलाही सवड नसे.

हे वाचून मी यंत्र खाली ठेवले. नातवाने माझ्यावर घेतलेला आळ किती साहजिक होता, ते मला समजले. कारण वाडा सदाशिव पेठेतला आणि बोली मराठी, एवढा फरक सोडला तर आमचीही हकीकत तीच होती.

१९६१ च्या जुलैमध्ये पानशेतचे धरण फुटले आणि नारायण पेठेतले आमचे घर नदीने नेले. आम्ही सदाशिव पेठेत एका वाड्यात दोन खोल्यांत आलो. बाबा छापखान्यात खिळे जुळवीत. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. शाळा एकच; पण वरच्या वर्गांची सकाळी आणि आमची दुपारी. मंगळवारी आणि शुक्रवारी कवायत असे, आणि कवायतीला पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे. घरात जोड एक, आणि तो दादाच्या मापाचा. या दोन दिवशी मी वाड्याच्या दिंडीदरवाजात अनवाणी उभा राहत असे. दादा धावत यायचा, उंबऱ्यावर बसून बूट काढायचा, आणि बाबांनी आणलेल्या रद्दी प्रुफांचे बोळे करून पुढच्या टोकात ठासायचा. मग ते बूट माझ्या पायात. त्या काळात किती नामवंत लेखकांची प्रकरणे माझ्या अंगठ्याखाली चिरडली गेली असतील, देव जाणे! पुढे मी चार अक्षरे लिहू लागलो ते कदाचित पायांतूनच वर चढले असेल.

पण नातवाचे बोट पुढच्या पानावर होते, म्हणून मी पुन्हा यानिसकडे वळलो.

त्याची चढण तुम्हांला सविस्तर सांगत नाही; नातवंडांना विचारा, ती तोंडपाठ सांगतील. २०१२-१३ च्या हंगामात ग्रीसच्या दुय्यम दर्जाच्या स्पर्धेत खेळणाऱ्या त्या लहान क्लबाच्या बाकांवर अमेरिकेतल्या संघांची माणसे येऊन बसू लागली. मे २०१३ मध्ये त्याला ग्रीसचे नागरिकत्व मिळाले, आणि २७ जून रोजी न्यूयॉर्कमध्ये खेळाडूंची निवड झाली तेव्हा मिलवॉकी बक्स या संघाने त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतले. अठरा वर्षांच्या त्या मुलाबरोबर थनासिस होता, ग्रीसचा झेंडा घेऊन. पहिल्या हंगामात यानिसची सरासरी सामन्यामागे सात गुणांचीही भरली नाही, आणि त्याच्या संघाने ब्याऐंशी सामन्यांपैकी पंधरा जिंकले. कुंडली पाहणाऱ्याने हात टेकले असते.

मला मात्र त्याच्या त्या पहिल्या हिवाळ्यातला एक प्रसंग फार आवडला. सामन्याच्या दिवशी हा टॅक्सीतून पैसे पाठवण्याच्या कचेरीत गेला आणि जवळ होते तेवढे सगळे डॉलर अथेन्सला आईवडिलांना धाडून मोकळा झाला. बाहेर आला तर टॅक्सीला द्यायला खिशात दमडी नाही! मिलवॉकीची थंडी म्हणजे हाडे गोठवणारी. अंगावर धड कोट नाही, आणि पठ्ठ्या सामन्याच्या जागेकडे चक्क धावत सुटला. वाटेत एका जोडप्याने त्याला ओळखले आणि आपल्या गाडीतून पोचवले. हा भाबडेपणा की शहाणपणा? आमच्या सौ.चे मत असे की, मनिऑर्डरीत घरभाड्याचे पैसेही घालून महिनाअखेर उसनवारी करणारा नवरा तिने पाहिलेला आहे, तेव्हा तिला त्यात नवल वाटले नाही.

पुढे आईवडील आणि धाकटे भाऊ मिलवॉकीला आले. २०१७ च्या सप्टेंबरात वडील वारले. २०१९ मध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून यानिसचा गौरव झाला, तेव्हा व्यासपीठावर वडिलांचे नाव घेताना त्याला रडू आवरले नाही. सहा फूट अकरा इंचांचा माणूस रडतो, तेव्हा अश्रूंना खाली यायलाही वेळ लागत असेल. पुढल्या वर्षी पुन्हा तोच मान. आणि मग २० जुलै २०२१ ची रात्र.

त्या रात्रीबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे. प्रतिस्पर्ध्याने आगळीक केली की या खेळात पंधरा फुटांवरून, कुणाची आडकाठी नसताना, चेंडू कड्यात टाकायला मिळतो. त्याला फ्री थ्रो म्हणतात. सगळ्यांत सोपे काम, आणि आमच्या या वीराला नेमके तेच जमत नसे! फेकण्यापूर्वी तो इतका वेळ लावी की परगावचे प्रेक्षक मोठ्याने आकडे मोजू लागत: एक, दोन, तीन... दहा सेकंदांची मुदत, आणि हा नऊपर्यंत चेंडूच आपटतो आहे. हजारो माणसे एका सुरात आपली टर उडवीत असताना मन थाऱ्यावर ठेवायचे, म्हणजे चेष्टा नाही. त्या शेवटच्या सामन्यात फिनिक्स सन्सविरुद्ध त्याने एकोणीसपैकी सतरा फ्री थ्रो साधले. एकूण गुण पन्नास. मिलवॉकीला पन्नास वर्षांनी, १९७१ नंतर प्रथमच, अजिंक्यपद मिळाले.

"आणि थनासिस?" मी नातवाला विचारले.

"तो काय, साधा प्लेअर आहे," नातू म्हणाला.

साधा प्लेअर! मी शोधू लागलो. २०१४ साली थनासिसचीही निवड झाली होती, एक्कावन्नाव्या क्रमांकावर, न्यूयॉर्कच्या संघात. तिथे तो जेमतेम दोन सामने खेळला. मग युरोपात परतला. २०१९ साली धाकट्याच्या संघात आला आणि बहुतेक वेळ बाकावर बसून भावाच्या नावाने आरडाओरडा करीत राहिला. अजिंक्यपदाच्या वेळी तो त्याच संघात होता, पण त्या रात्री कोर्टावर नव्हता. शेवटचे दोन सामने तो कोरोनाच्या नियमांमुळे बाजूला ठेवला गेला होता. ज्याच्याबरोबर बूट वाटून घेतले तो भाऊ भावाचे पन्नास गुण पाहायला मैदानात नाही!

नातू कधीच चेंडू घेऊन खाली गेला होता. ढप्, ढप्, ढप्. मी खिडकीशी बसलो होतो आणि मला १९६५ सालचा डिसेंबर आठवत होता.

नातवाला मी जी गोष्ट सांगायला बसलो होतो, तिच्यात एक खोट होती. ती मी नेहमी अर्धीच सांगत आलो आहे. उंबरठा, प्रुफांचे बोळे, लेखकांची प्रकरणे, हशा, आणि तिथेच पूर्णविराम.

दादा बास्केटबॉल खेळत असे. तो अकरावीत होता. शाळेच्या मागे एक सिमेंटचा चौथरा होता, दोन खांब होते, जाळ्या कधीच नव्हत्या. दादा उंच, काटक, आणि उडी मारली की क्षणभर वरच थांबल्यासारखा दिसायचा. त्या वर्षी जिल्ह्याच्या शालेय संघाची निवडचाचणी आमच्याच गावात होती. आमचे ड्रिलमास्तर म्हणत, हा पोरगा संघात नक्की. मुंबईच्या नागपाड्यातली मुले या खेळात देशभर नाव काढत होती. त्याच नागपाड्यातल्या अब्बास मुंतासिर यांना पुढे, १९७० साली, अर्जुन पुरस्कार मिळाला. दादाच्या डोळ्यांपुढे काय काय असेल, मला ठाऊक नाही. मी कधी विचारले नाही.

ज्या रविवारी चाचणी, त्याच रविवारी मुंबईला माझी मुलाखत होती. एका धर्मादाय संस्थेची शिष्यवृत्ती. मिळाली तर शाळेची आणि पुढे कॉलेजचीही फी सुटणार. आदल्या रात्री आईने सदरा-चड्डीला तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. पायांचे काय, हे कुणी बोलले नाही. रात्री जाग आली तेव्हा दादा चिमणीच्या उजेडात खडूची पूड पाण्यात कालवून बुटांना लावीत होता.

"तुझी उद्या चाचणी ना?" मी विचारले.

"पुढे ढकलली. पुढच्या रविवारी आहे. झोप तू."

मी झोपलो. पहाटे बाबांबरोबर पॅसेंजरने मुंबईला गेलो, पांढऱ्याशुभ्र बुटांनिशी. शिष्यवृत्ती मिळाली. तिच्यावर मी बी.ए. झालो, बँकेत लागलो, पुण्यात ब्लॉक घेतला. दादा त्या वर्षी एस.एस.सी. होऊन रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये चिकटला आणि धावत्या गाडीच्या डब्यात रात्ररात्र उभा राहून लोकांची पत्रे वाटून लावू लागला. पुढचा रविवार आला आणि गेला. दादा कुठेही गेला नाही. चौदा वर्षांच्या मुलाला एवढे नक्कीच समजते. पण समजून न घेण्यातही सोय असते, आणि तीही चौदाव्या वर्षी चांगली साधते.

१९७४ साली माझ्या लग्नात ड्रिलमास्तर आले होते. जिलेबीचे ताट बाजूला सारून ते सहज म्हणाले, "तुझा भाऊ त्या दिवशी अनवाणी आला रे. परगावचे परीक्षक होते, सिमेंटवर अनवाणी खेळू देईनात. बूट कुठे म्हणून विचारले तर म्हणतो, विसरलो." तेवढ्यात सनईवाल्यांनी सूर लावला, कुणीतरी मला उखाण्यासाठी ओढून नेले, आणि तो विषय तिथेच राहिला. कुठे राहिला? माझ्यापाशीच राहिला. पन्नासाहून अधिक वर्षे. दादाच्या मुलीच्या लग्नात मी आहेर केला, त्याच्या मोतीबिंदूच्या वेळी धावत गेलो, दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवला. विचारले मात्र नाही. आपल्या घरांतून अशा गोष्टी बोलायच्या नसतात, असे आपण म्हणतो. खरे कारण एवढेच की, विचारले की उत्तर ऐकावे लागते.

दादा आता मिरजेला मुलीजवळ असतो. सत्त्याहत्तरी ओलांडली आहे. ऐकू जरा कमी येते. त्या संध्याकाळी मी फोन लावला. आधी पावसाचे, मग गुडघ्यांचे, मग मिरजेच्या रस्त्यांचे बोलून झाले. मग मी म्हणालो,

"दादा, एक विचारू? पासष्ट साली तुझी ती चाचणी... ती खरंच पुढे ढकलली होती?"

"कसली याचना?"

"याचना नव्हे, चाचणी! बास्केटबॉलची! मी मुंबईला गेलो त्या दिवशीची."

पलीकडे काही वेळ नुसती खरखर ऐकू आली. फोन कटला असे वाटून मी "हॅलो, हॅलो" करू लागलो.

"आहे रे, आहे मी," दादा म्हणाला. "मला सांग, त्या दिवशी बूट चावले का तुला? अंधारात कागद भरला होता मी. डाव्यात जरा कमीच पडला, असं मागाहून वाटत राहिलं."

"नाही दादा," मी म्हणालो. "अजिबात चावले नाहीत."

खरे म्हणजे डाव्या पायाला हा मोठा फोड आला होता.

खाली मैदानावर दिवे लागले होते. मी नातवाला हाक मारून वर बोलावले आणि त्याच्या पायाचे माप विचारले.